एअर सस्पेन्शनची उंची लावायची? आधी टेप काढा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या माझ्या गॅरेजात एअर सस्पेन्शनवाली, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी असलेली गाडी आली की मागणी ठरलेली असते. "लॅपटॉप लावा आणि जरा खाली बसवा." नाहीतर बरोबर उलटं: घोडबंदर रोडला सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर पोट घासतंय, जरा उचला. लॅपटॉपवरचं काम चहा निवायच्या आत उरकतं. वेळ जातो तो मोजायच्या टेपवर, आणि टेप चुकली तर लॅपटॉप काही करू शकत नाही.

उदाहरणाला फोक्सवॅगनची पहिल्या पिढीची टुआरेग घेऊ. सॉफ्टवेअर VCDS, म्हणजे फोक्सवॅगनच्या गाड्यांमधले कंट्रोलर लॅपटॉपवरून वाचायचं आणि सेट करायचं साधन. त्यात जो आकडा भरायचा तो 'उंची किती हवी' याचा नसतो, 'आत्ता किती आहे' याचा असतो. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. हवी ती उंची कंपनीने कंट्रोलरमध्ये, म्हणजे हवा भरण्या-सोडण्याचा हुकूम देणाऱ्या गाडीतल्या कॉम्प्युटरमध्ये, आधीच भरून ठेवलेली आहे: पुढे 497 मिमी, मागे 502 मिमी. चाकाच्या मधोमध पासून फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, खालच्या कडेपर्यंत. चारही चाकांजवळ एकेक लेव्हल सेन्सर असतो, पण त्याला मिलिमीटर कळत नाहीत, फक्त त्याच्या दांडीचा कोन कळतो. या कोनाला गाडी खरोखर किती उंच उभी आहे, हे आपण टेपने मोजून त्याला शिकवायचं.

पण आधी बघा, हे काम उंची शिकवायचं आहे का. सेन्सर बदलला, कंट्रोलर बदलला, चाक धरणारे सस्पेन्शनचे खालचे आर्म बदलले, किंवा स्कॅनमध्ये 01437 हा कोड (उंची शिकवलेली नाही) दिसतोय, तर हो. गाडी रात्री सरळ उभी करावी आणि सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली सापडावी, तर नाही. ती हवा गळतेय. संध्याकाळी चारही कोपरे मोजून कागदावर लिहा, सकाळी पुन्हा मोजा. जो कोपरा उतरला तिथे साबणाचं पाणी मारा. बारीक गळती लगेच बुडबुडे काढत नाही. जरा थांबलं की नळीच्या जोडाभोवती पांढऱ्या फेसाची कड हळूहळू फुगत येते. ती गळती तशीच ठेवून उंची लावून घेणारे आहेत. मग कॉम्प्रेसर दिवसभर हवा भरत राहतो आणि शेवटी तोच जळतो. त्याचं बिल ऐकून गिऱ्हाईक खुर्ची मागतं.

आता जागा. आपल्याकडच्या गॅरेजांची फरशी गटाराकडे उतरती असते, डोळ्याला कळत नाही. मी गवंड्यांची पाण्याची नळी वापरतो. चार चाकांच्या जागा एका पातळीत आहेत की नाही ते लगेच कळतं. टायरची हवा दरवाजावरच्या पट्टीप्रमाणे. डिकी रिकामी, आत कोणी बसलेलं नाही, दरवाजे बंद. हँडब्रेक सोडा आणि चाकांना लाकडी ठोकळे लावा. ब्रेक आवळलेला असला की वरखाली होताना गाडी ताणून धरते. बॅटरीला चार्जर जोडाच. इग्निशन चालू, कॉम्प्रेसर मधेमधे सुरू, आणि अर्ध्यात व्होल्टेज पडलं तर कंट्रोलर रुसतो.

उंची नॉर्मल लेव्हलवर ठेवून मोजा. रिमच्या कॅपच्या मध्यावर टेपचं टोक, वर फेंडरची कड, आणि रेष ओळंब्यासारखी उभी. टेप जरा तिरकी झाली की दोन-चार मिमी जातात. डोळा कडेच्या समोर आणा, उभ्याउभ्या वाकून वाचू नका. जमिनीपासून मोजायचं नाही, कारण टायरची झीज आणि हवा त्यात मिसळते. जुनी गाडी असेल तर फेंडरवर डेंटिंग-पेंटिंग झालंय का तेही विचारा. ठोकून सरळ केलेल्या फेंडरची कड मूळ जागी असेलच असं नाही, आणि मग टेप बरोबर असूनही गाडी वाकडी बसते.

आता लॅपटॉप. केबल लावा, इग्निशन चालू करा, 34 नंबरचा लेव्हल कंट्रोल उघडा. आधी फॉल्ट वाचून सेव्ह करा. सिक्युरिटी अॅक्सेसमध्ये 31564 हा कोड भरा. मग अॅडॅप्टेशन, म्हणजे शिकवायचा भाग: चॅनेल 1 पुढचं डावं, 2 पुढचं उजवं, 3 मागचं डावं, 4 मागचं उजवं. प्रत्येकात मोजलेला आकडा मिलिमीटरमध्ये भरून सेव्ह. शेवटी चॅनेल 5 मध्ये 0 चा 1 करा, म्हणजे शिकलेलं पक्कं होतं. गाडी आपोआप हलते, म्हणून पोऱ्याचा हात किंवा डोकं चाकाच्या कमानीत नको. हे मी ओरडून सांगतो. दुसऱ्या मॉडेलला हे आकडे आणि कोड तसेच मारू नका, त्या गाडीचे बघून घ्या.

खाली बसवायची असेल तर याच हिशेबाला उलटं फिरवायचं. पुढे खरी उंची 497 आहे आणि 10 मिमी उतरवायचंय, तर 507 भरा. कंट्रोलरला वाटतं गाडी 10 मिमी जास्त उंच आहे; तो हवा सोडतो, आणि खरी उंची 487 वर येते. वर करायची तर कमी आकडा. भरण्याआधी खरे आकडे कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा, नाहीतर पुढच्या मेकॅनिकला काही पत्ता लागत नाही. ठाण्याच्या पावसाळ्यातले खड्डे बघता उतरवण्याचा हट्ट मला पटत नाही. गिऱ्हाईक अडून बसलं तरी 15 मिमीच्या पुढे मी जात नाही.

झाल्यावर गाडी जरा फिरवून आणा आणि त्याच जागी उभी करून पुन्हा मोजा. डावं-उजवं दोन-तीन मिमीत आलं की पुरे. झेनॉन दिव्यांच्या गाडीला 55 नंबरमधून हेडलाइटचं बेसिक सेटिंग करावं लागतं, कारण दिवे उंचीची माहिती याच सेन्सरांकडून घेतात. नाहीतर रात्री मानपाड्याच्या पुलावर समोरचा शिव्या घालतो. उंची मुद्दाम बदलली असेल तर अलाइनमेंटही लगेच करा. गाडी उतरली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं आत-बाहेर वळलेलं तोंड) दोन्ही सरकतात, आणि टायर आतल्या कडेने झिजतं, जिथे रोज कोणी बघत नाही.