ऐतिहासिक चित्रपटातल्या ‘समाजा’वर लिहिताय? या चुका टाळा

ऐतिहासिक चित्रपटातले वर्गभेद आणि रूढी यांवरचे लेख माझ्याकडे तपासायला येतात. चित्रपट कुठलाही असो, चुका ठरलेल्याच. सध्या ‘आनंदी गोपाळ’ (२०१९) वरचे लेख पुढ्यात आहेत, म्हणून उदाहरणं तिथलीच देतो. (अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी आणि त्यांचे पती गोपाळराव यांच्यावरचा हा चित्रपट.)

‘समाजाने विरोध केला’

या वाक्यावर माझा खास राग आहे. कुठल्या समाजाने?

एका रसास्वाद शिबिरात एका हुशार मुलाने लेख वाचून दाखवला. समाजाने टोमणे मारले, समाजाने नावं ठेवली, समाजाला रुचलं नाही. मी विचारलं, “अरे, हा समाज राहतो कुठे?” तो म्हणाला, “म्हणजे सगळेच, सर.” मग मी त्याला आनंदीबाईंचं १८८३ मधलं श्रीरामपूरचं भाषण वाचायला दिलं. (बंगालमधलं श्रीरामपूर, आपलं नव्हे. हाही घोळ लेखांत होतोच.) मुंबईत शाळेत पायी जाताना काय व्हायचं ते त्यात आहे. व्हरांड्यात ऐटीत बसलेली मंडळी वेडंवाकडं बोलत आणि खडे मारायलाही लाजत नसत. दुकानदार आणि फेरीवाले त्यांना पाहून थुंकत, अचकटविचकट हावभाव करत.

आता हे नीट बघा. खडा मारणाऱ्याकडे व्हरांडा आहे आणि तिथे बसून राहायला वेळही आहे. थुंकणारा रस्त्यावर पोट भरतोय. एरवी हा दुकानदार त्या व्हरांड्यातल्या घरच्या बाईकडे बघून असे हावभाव करू धजेल का? मग या बाईच्या बाबतीत त्याला ही मुभा कुणी दिली? पायात बूट घालून, पुस्तकं घेऊन एकटी चाललेली बाई दिसली की वरच्या आणि खालच्या थरांचं एकदम एकमत का होतं? समाजशास्त्र म्हणतात ते इथे सुरू होतं. ‘समाज’ हा एकच शब्द ठोकून दिलात की हे सगळं त्याखाली गाडलं जातं.

दुसऱ्या दिवशी सुधारलेला लेख आला. प्रत्येक ‘समाज’च्या जागी ‘तत्कालीन समाज’! पुढे तो एका अंकात तसाच छापूनही आला.

माझी सवय सांगतो. हातात पेन्सिल घेऊन प्रत्येक ‘समाज’खाली ‘कोण?’ असं लिहायचं. सासू, शेजारी, साहेब, भटजी, दुकानदार असं काही उत्तर देता आलं नाही, तर ते वाक्य खोडायचं. लेख निम्मा होतो. होऊ दे.

‘त्या काळी असंच होतं’

नव्हतं. भिडेवाड्यातली फुल्यांची मुलींची शाळा १८४८ ची. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ चं. त्याच वर्षी पुण्यात पंडिता रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला. १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेला गेल्या. त्याच्या पुढच्याच वर्षी, लहानपणी लावून दिलेल्या लग्नाला मान देऊन नांदायला जाणार नाही म्हणणाऱ्या रखमाबाईंवर नवऱ्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८९१ मध्ये संमतिवय (मुलीशी शरीरसंबंधासाठीचं कायदेशीर किमान वय) दहावरून बारावर नेताना टिळकांनी केलेला विरोध शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. म्हणजे त्या काळी कडाक्याचं भांडण चालू होतं. ‘असंच होतं’ म्हणणारे त्यातली एकच बाजू ऐकून उठून जातात, आणि वर स्वतःला समंजस समजतात.

जात उंच म्हणजे खिसा भरलेला

ही चूक शिकलेले लोक जास्त करतात. आनंदीबाईंचं माहेर कल्याणचं, जमीनदाराचं, पण घसरणीला लागलेलं. नऊ वर्षांची मुलगी तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठ्या बिजवराला दिली गेली. त्यात रूढी किती आणि घरची ओढगस्त किती, हे विचारल्याशिवाय त्या लग्नाच्या प्रसंगावर लिहूच नये. गोपाळराव पोस्टातले कारकून. अमेरिकेच्या प्रवासासाठी आनंदीबाईंना सोन्याच्या बांगड्या विकाव्या लागल्या. पंक्तीत मानाचं पान आणि हातात कारकुनी पगार, ही जोडी डोक्यात ठेवून चित्रपट बघा.

त्यातही एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पोस्टाची नोकरी बदलीची. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भुज, कलकत्ता. माझ्या मते बायकोला शिकवायचा गोपाळरावांचा हट्ट टिकला त्याला ही बदली बरीच कारण आहे. शेतीवाडीवर बसलेल्या माणसाला भाऊबंदांशी रोज गाठ घ्यावी लागते. पगार सरकारकडून घेणाऱ्याला बिऱ्हाड उचलून पुढच्या गावी जाता येतं. गावोगावचं नवं बिऱ्हाड पडद्यावर आलं की लोक छायाचित्रण आणि पार्श्वसंगीताचं कौतुक करतात. तिथे पगार बघा.

गोपाळराव देव की राक्षस?

दोन्ही प्रकारचे लेख वाचून कंटाळलोय. लहानपणी नवऱ्याने केलेल्या मारहाणीचा उल्लेख आनंदीबाईंच्या पत्रांत आहे आणि शिकवलंही त्यानेच. दोन्ही एकाच परिच्छेदात मांडायची हिंमत करा.

जड शब्दांची फोडणी

पितृसत्ता, वर्चस्व, वसाहतवाद. शब्दामागे चित्रपटातला एखादा प्रसंग असेल तर वापरा, नाहीतर नको.

पडदा म्हणजे पुरावा

चित्रपटात काय ठेवलं आणि काय गाळलं, हे २०१९ मधल्या लोकांनी ठरवलंय. ‘चित्रपटात दाखवलंय’ आणि ‘घडलंय’ ही वाक्यं वेगवेगळी लिहा. एवढं केलंत तरी निम्मे वाद मिटतील.

घाई

रील्स बघून लेख लिहिणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. ज्यांनी चित्रपट खरंच पाहिलाय त्यांच्यासाठी: दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघा. कोण बसलंय, कोण उभं आहे, पाणी कोण भरतंय, उंबऱ्याच्या आत कुणाला यायची परवानगी नाही, कुणाच्या पायात काय आहे. संवाद बंद झाले की चित्रपटातली उतरंड आपोआप दिसायला लागते. जेमतेम सव्वादोन तासांचं काम आहे. तेवढाही वेळ नसेल तर सरळ परीक्षण लिहा, आवडला किंवा नावडला एवढंच. त्यातही काही कमीपणा नाही, फक्त त्याला ‘समाजशास्त्रीय विश्लेषण’ असं शीर्षक देऊन माझ्याकडे पाठवू नका.