दहाचं नाणं खोटं? ठरवण्याआधी या चुका टाळा

‘पंधरा रेघांचं आहे, रुपयाचं चिन्हही नाही, चालत नाही,’ असं म्हणत दहाचं नाणं परत सरकवणारा दुकानदार तुम्हालाही भेटला असेल. खोट्या नाण्यांच्या बाबतीत सर्रास होणारी चूक हीच, खऱ्याला खोटं ठरवायचं. रुपयाचं चिन्ह २०१० साली ठरलं, नाण्यांवर २०११ पासून आलं. त्याआधीच्या नाण्यावर ते दिसणार कुठून? पंधरा रेघांचं बिनचिन्हाचं आणि दहा रेघांचं चिन्हवालं, दोन्ही टांकसाळीतलीच. जानेवारी २०१८ पर्यंत दहाच्या नाण्याचे १४ प्रकार निघाले होते आणि सगळे वैध आहेत, हे रिझर्व्ह बँकेने तेव्हाच सांगितलंय.

सालाखाली टांकसाळीची खूण नाही म्हणूनही लोक बिचकतात. मुंबईची खूण पत्त्यांतली चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका. कोलकात्याच्या नाण्यावर मात्र खूणच नसते.

लोहचुंबक काढलात? जरा थांबा. पाचचं जुनं जाडजूड नाणं तांबं-निकेलचं, ९ ग्रॅमचं. चुंबकाला चिकटत नाही. २००७ चं पोलादी चिकटतं. नंतरचं पितळी पुन्हा चिकटत नाही. तिन्ही खरी! म्हणून तुलना करायची ती त्याच प्रकारच्या, शक्यतो त्याच सालच्या नाण्याशी. दहाचं नाणं साधारण ७.७ ग्रॅम आणि २७ मिलिमीटर भरायला हवं. झिजलेलं किंचित हलकं भरेल, पण ग्रॅमभराचा फरक संशयास्पद.

फरशीवर वाजवून बघणं ही चांदीच्या रुपयाच्या काळातली सवय. दोन धातूंचं नाणं बद्दच वाजतं, त्यावरून काही ठरवू नका. त्यापेक्षा भिंग घ्या. साच्यात ओतलेल्या खोट्या नाण्यावर बारीक छिद्रं, बुजलेली अक्षरं, कडेला साच्याच्या जोडाची रेघ सापडते. एका बाजूची छपाई फिरलेली असेल, तर मात्र घाई नको. ती टांकसाळीची चूक असू शकते आणि तशा नाण्याला संग्राहक पैसे मोजतात. अशा वेळी ते चिंच-मिठाने घासून लख्ख करणं म्हणजे हाताने किंमत घालवणं.

नाणं खरोखरच खोटं निघालं तर चलनात त्याची किंमत शून्य. ‘मला कुणीतरी खपवलं, मी पुढे खपवतो’ हा हिशेब भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे. खपवण्याच्या इराद्याने जवळ ठेवणंसुद्धा. ते बँकेत दाखवा आणि दहा रुपये अक्कलखाती टाका.

वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या नाण्याला लाखो मिळतात, ही अफवा तर सोडाच. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुनी नाणी विकत घेतो सांगून आधी शुल्क किंवा कर मागणाऱ्यांबद्दल बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये इशारा दिला होता. गिऱ्हाईक खरं असेल, तर पैसे तो तुम्हाला देईल. तुमच्याकडे मागणार नाही.