भरीत पार्टीत पोरांना यानोशिकची गोष्ट कशी सांगायची

थंडीत शेतात भरीत पार्टी ठेवली की पऱ्हाट्यांवर वांगी भाजून, ठेचून, पुऱ्या होईपर्यंत बराच वेळ जातो आणि पोरं मोबाईल काढून बसतात. त्या वेळात स्लोव्हाकियाचा तीनशे वर्षांपूर्वीचा दरोडेखोर युराय यानोशिक याची गोष्ट सांगून बघा भो, फक्त नीट सांगा, नाहीतर पोरांना तो सिनेमातला हिरो वाटतो आणि खरा माणूस राहूनच जातो.

आधी देश कुठे ते सांगा. पोलंडच्या खाली, डोंगराळ, लोकसंख्या साधारण 54 लाख, आपला जळगाव जिल्हाच 2011 ला 42 लाखांचा होता म्हटलं की पोरांना अंदाज येतो. त्याच्या काळात तिथे हंगेरीचं राज्य आणि वर हाब्सबुर्ग बादशहा, जमीनदारांकडे राबणारी गरीब जनता, एवढं बस, इतिहासाचा तास घेऊ नका.

आता मेन गोष्ट. सांगायला दोन माणसं ठरवा. एकाने फक्त कोर्टाच्या कागदात आहे ते सांगायचं, दुसऱ्याने लोक सांगतात ते. आवाजच वेगळे असले की पोरांना खरं कुठलं आणि रचलेलं कुठलं ते आपोआप कळतं.

कागदवाल्याने असं सांगावं: जन्म 1688, गाव तेरखोवा. बादशहाविरुद्धच्या राकोत्सीच्या बंडात लढला, नंतर बादशहाच्या फौजेत गेला, बित्चाच्या गढीत पहारेकरी झाला आणि तिथे कैदेत होता तोमाश उहोर्चिक, हा आधीच दरोडेखोर. दोघांची दोस्ती जमली, आणि 1711 मध्ये, वय फक्त 23, यानोशिक टोळीचा म्होरक्या झाला. व्यापारी लुटले, पाद्रीही सोडले नाहीत. दीडएक वर्षात सगळं संपलं, क्लेनोवेत्स गावात उहोर्चिक खोट्या नावाने राहत होता तिथेच हा पकडला गेला, आणि मार्च 1713 मध्ये लिप्तोव्स्की मिकुलाशला खटला चालून मरणाची शिक्षा झाली, तेव्हा वय 25. दोमानिझाच्या पाद्रीच्या खुनात सामील असल्याचा आरोप होता, आपण गोळी मारली नाही असं त्याचं म्हणणं. हा भाग गाळू नका प्लीज, तो गाळला की गोष्ट खोटी होते.

लोकांची बाजू सांगायला घरातली आजी बेस्ट. श्रीमंतांचं लुटून गरिबांना वाटायचा, त्याच्याकडे जादूचा पट्टा आणि मेंढपाळांची लांब दांड्याची कुऱ्हाड होती, त्यामुळे कोणाच्या हाती लागत नव्हता. मग एका म्हातारीने त्याच्या पायाखाली वाटाणे फेकले, तो घसरला आणि शिपायांनी धरला. इथे थांबा आणि मूठभर कोरडे वाटाणे फरशीवर किंवा ताडपत्रीखाली पाट असेल तर त्यावर टाका, एखाद्या मोठ्या पोराला हात धरून हळूच पाय ठेवायला लावा, टाच सरकते ती लगेच कळते आणि बाकीची पोरं रांग लावतात. हात मात्र सोडू नका.

शिक्षेचं जपून. बरगडीत आकडा घालून टांगला असं सांगतात, लहान पोरं असतील तर फक्त मारलं म्हणा, दहावीच्या पुढची असतील तर सांगायला हरकत नाही, त्या काळचा कायदा किती क्रूर होता ते समजायलाच पाहिजे.

चोपडा, शिरपूर, शहादा साइडची मंडळी असली तर टंट्यामामाचं, म्हणजे टंट्या भिल्लाचं, नाव निघतंच, निघू द्या. त्यालाही इंग्रज डाकू म्हणायचे आणि लोक मामा, त्याला विश्वासातल्या माणसाने पकडून दिलं आणि 4 डिसेंबर 1889 ला जबलपूरला फाशी झाली. इंदूरजवळच्या पातालपाणी स्टेशनला त्याच्या नावाने गाडी थांबायची हे कोणीतरी सांगेलच, तिथून पुढे तुम्ही गप्प बसा आणि म्हाताऱ्या लोकांना बोलू द्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत त्यांच्याकडे या गोष्टी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत.