वॉर्डातील कर्मचाऱ्यांना संसर्ग-नियंत्रणाचे प्रशिक्षण कसे द्यावे

संसर्ग-नियंत्रणाचे प्रशिक्षण बहुधा सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवून उरकले जाते आणि हजेरीपटावरील सह्यांपलीकडे त्यातून फारसे काही निष्पन्न होत नाही. त्याऐवजी पाच-सहा जणांचा गट करून, ड्युटी बदलण्याच्या सुमारास, प्रत्यक्ष खाटेजवळच शिकवावे. गटात डॉक्टर आणि सिस्टर यांच्याबरोबर मावशी आणि मामाही असलेच पाहिजेत; बेडपॅन उचलण्याचे आणि कचऱ्याच्या पिशव्या बांधण्याचे काम शेवटी तेच करतात.

सुरुवात हातांच्या स्वच्छतेपासून करावी. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी पाच प्रसंग ठरवून दिले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक प्रक्रियेपूर्वी, रक्त किंवा अन्य शरीरद्रवांशी संपर्काची शक्यता आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तू हाताळल्यानंतर. हे प्रसंग घोकून घेण्यापेक्षा, रिकाम्या खाटेवर एखाद्या सिस्टरला सलाइन लावण्याची सर्व कृती करून दाखवण्यास सांगावे आणि हात कोठे स्वच्छ करायचे राहिले, ते इतरांनी ओळखावे. पाचवा प्रसंग हमखास निसटतो, कारण केवळ खाटेचा कठडा किंवा सलाइनचा स्टँड सरकवला तर हात अस्वच्छ झाले असे कोणालाच वाटत नाही. अतिनील दिव्याखाली चमकणारे लोशन हातांना लावून ते धुण्यास सांगितले, की अंगठे आणि बोटांची टोके कशी सुटतात हे ज्याचे त्याला दिसते. हॅण्डरब, म्हणजे हातांना चोळायचे अल्कोहोलयुक्त जंतुनाशक, 20 ते 30 सेकंद चोळावा. हात दिसण्याइतपत मळलेले असतील, तर मात्र 40 ते 60 सेकंद साबण आणि पाण्यानेच धुवावेत. हातमोजे घातल्याने यातून सूट मिळत नाही.

कचऱ्याचे वर्गीकरण 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार शिकवावे: रक्ताळलेला कापूस व ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या व हातमोजे लाल पिशवीत, काचेच्या कुप्या निळ्या खोक्यात आणि सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात. सुईला पुन्हा टोपण लावू नये.

सुई टोचल्यास जखम पिळू नये, साबण आणि पाण्याने धुवावी व लगेच कळवावे, कारण एचआयव्ही-प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत आणि फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. मावशी असा प्रसंग लपवतात तो बहुधा ओरडा बसेल या भीतीने. म्हणून कोणाला, कोणत्या क्रमांकावर कळवायचे आणि त्याबद्दल कोणीही रागावणार नाही, हे वरिष्ठ डॉक्टरांनीच सर्वांसमोर सांगावे.

त्यानंतर काही दिवसांनी हात स्वच्छ करण्याच्या किती संधी आल्या आणि त्यांपैकी किती पाळल्या गेल्या, याची नोंद घेऊन संपूर्ण वॉर्डाचा एकच आकडा फलकावर लावावा, त्यात व्यक्तींची नावे नसावीत. आकडा कमी आला, तर खडसावण्यापूर्वी हॅण्डरबची बाटली हाताशी आहे का, भरलेली आहे का आणि बेसिनजवळ साबण आहे का, हे पाहावे.