गुदाशयाच्या ऑपरेशननंतर पोट ताब्यात नाही? या चुका टाळा

गुदाशयाच्या कॅन्सरची गाठ निघाली, पोटावरची मलाची पिशवीही बंद झाली, आणि आता दिवसातून आठ-दहा वेळा संडासला पळावं लागतंय. खानापूर, चिकोडी, निपाणीकडं हे दुखणं घेऊन कितीतरी माणसं गप्प बसलेली असतात. मल साठवणारी जागा, म्हणजे गुदाशयच, गेल्यावर तो थोडा थोडा, पुन्हा पुन्हा येतो. कळ आली की दम धरवत नाही. रेडिएशन झालेलं असेल तर त्रास जास्त. पहिल्या वर्षभरात बहुतेकांचा तो हळूहळू कमी होतो, काहींना दोन वर्षंही लागतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उपास. तपासणीला कोल्हापूर-मिरजेला जायचं म्हणून आदल्या रात्रीपासून पोटात काही घालत नाहीत. मग निपाणी स्टँडवर गरम चहा आणि वडा खाल्ला की लगेच कळ येते, कारण अन्न पोटात पडताच आतडी हलायला लागतात. त्यापेक्षा निघायच्या दोन-तीन तास आधी ताकभात खा, शौचाला जाऊन या आणि मग बसमध्ये चढा. पिशवीत पॅड, पाण्याची बाटली आणि एक जोड कपडे असू द्या.

जेवणातलं सगळंच एकदम बंद करू नका. ठेचा, कच्चा कांदा, मोड आलेली मटकी, दूध, कडक चहा यातलं एकेक चार दिवस थांबवून बघा आणि वहीत लिहा. भाकरी सोसत असेल तर कशाला सोडायची?

इसबगोल ग्लासभर पाण्यात घेतात ते बद्धकोष्ठाला. पातळ होत असेल तर डॉक्टरांना विचारून थोड्या दह्यात कालवून घ्या. गिळायला त्रास असेल तर मात्र घेऊ नका. लोपेरामाइड ही जुलाब रोखणारी गोळी जुलाब झाल्यावर घेण्यापेक्षा जेवणाआधी अर्धा तास घेतलेली बरी, पण किती ते डॉक्टरांनीच ठरवायचं. ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर ती गोळी आपल्या मनानं घेऊ नका.

पोट साफ झालं नाही म्हणून कुंथत बसू नका. साबणानं घासूही नका. कोमट पाण्यानं धुऊन मऊ कापडानं टिपा आणि झिंक ऑक्साइडचं मलम लावा.

तपासणीच्या खोलीत डॉक्टर "कॅन्सर दिसत नाही" म्हणाले की आपण हात जोडून उठतो. मुलगा, सून शेजारी असतात, लाज वाटते. त्यांना बाहेर थांबायला सांगा, पण बोला: दिवसातून किती वेळा, रात्री उठावं लागतं का, कपडे खराब होतात का. हे कळल्याशिवाय ओटीपोटाच्या तळाच्या, म्हणजे शौच रोखून धरणाऱ्या, स्नायूंचे व्यायाम किंवा गुदद्वारातून पाणी सोडून आतडं धुण्याची पद्धत तुम्हाला कुणी शिकवणार नाही. दोन्हींचा पुष्कळांना उपयोग होतो.

पोट फुगून वारा सरेना आणि उलट्या होऊ लागल्या, तर वही-बिही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.