फेसच्या जुन्या मदीनेत या चुका टाळा

मोरोक्कोतलं फेस एल-बाली, म्हणजे फेसचं तटबंदीच्या आतलं जुनं शहर (त्यालाच मदीना म्हणतात), द्रोणासारखं वसलेलं आहे. दरवाजे कडेला उंचावर, नदी तळाला आणि नदीच्या अलीकडे करवीयीन मशीद. त्यामुळे पायाखाली उतार असेल तर तुम्ही मध्याकडे चालला आहात आणि चढ असेल तर दरवाजाकडे. इथे येणाऱ्यांच्या बहुतेक अडचणी हे माहीत नसल्याने होतात. उरलेल्या होतात त्या मदीनेला पर्यटकांचा बाजार समजल्याने. लोक इथे राहतात, कातडी कमावतात, भाकऱ्या भाजून घेतात, पोरांना शाळेत पाठवतात. बाराशे वर्षांपूर्वी सुरू झालेलं हे शहर अजून कामात आहे आणि त्याच्या वेळा, वाटा, रीतीभाती त्या कामावरून ठरतात.

मोबाइलच्या नकाशावर विसंबणं

गल्ल्या इतक्या अरुंद आणि भिंती इतक्या उंच की उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो. नकाशातला निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो आणि समोरचा रस्ता भिंतीपाशी संपतो. इथे ‘दर्ब’ म्हणजे घरांकडे जाणारी आतली गल्ली, आणि बरेच दर्ब पुढे बंद असतात. गल्ली एकदम शांत झाली, दुकानं संपली आणि फक्त घरांची दारं उरली, की आपण दर्बमध्ये शिरलो असं समजा. पुढे न जाता मागे फिरा.

दोन रस्ते मात्र पाठच करून टाका. निळ्या बाब बू जलूद दरवाजातून आत आलं की डावीकडे तला कबीरा आणि उजवीकडे तला सगीरा. दोन्ही साधारण समांतर खाली उतरतात आणि अत्तारीन मदरशाकडे, करवीयीनच्या परिसरात पोहोचतात. वाटेत न रेंगाळता चाललं तर वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. चुकल्यासारखं वाटलं तर यांपैकी कुठल्याही रस्त्याला लागा आणि तिथून नव्याने सुरुवात करा.

रस्ता विचारताना रियादचं नाव सांगून फारसा उपयोग होत नाही, कारण अशा छोट्या हॉटेलांची नावं सगळ्यांना माहीत नसतात. ‘बाब बू जलूद?’, ‘रसीफ?’, ‘सफ्फारीन?’ असं जागेचं नाव घ्या. आणि विचारायचं ते दुकानात बसलेल्या दुकानदाराला. कोपऱ्यावर नुसत्याच उभ्या असलेल्या पोराला विचारलंत तर तो दाखवायला सोबत निघेल आणि पोहोचल्यावर पैसे मागेल.

परतीचा चढ चढून पाय मोडून घ्यायची काहीच गरज नाही. तळाला नदीकाठी रसीफ चौक आहे आणि तिथपर्यंत गाड्या येतात. फिरून झालं की तिथे बाहेर पडा, लाल छोटी टॅक्सी पकडा आणि वरच्या दरवाजाशी उतरा. चढावर दमून संध्याकाळ घालवणाऱ्यांना ही सोय ठाऊकच नसते.

शक्य असेल तर पहिल्याच दिवशी टॅक्सीने मरीनी राजघराण्याच्या थडग्यांच्या टेकडीवर जा. अख्खं शहर खाली दिसतं, हिरव्या कौलांमुळे करवीयीन आणि मौलाय इद्रीसची झाविया, म्हणजे दर्गा, लगेच ओळखू येतात आणि उतार डोक्यात बसतो. अंधार पडल्यावर तिथून एकट्याने पायी खाली येऊ नका. टॅक्सी थांबवून ठेवा.

‘पुढे रस्ता बंद आहे’ यावर विश्वास ठेवणं

कोणीतरी हमखास सांगतो की पुढे बंद आहे, पुढे फक्त घरं आहेत, किंवा आज चर्मालयात, म्हणजे कातडी कमावतात तिथे, खास दिवस आहे. तला कबीरा आणि तला सगीरा दिवसा बंद नसतात. असं सांगणाऱ्याचा हेतू तुम्हाला वळवून एखाद्या दुकानात नेणं हा असतो, दुकानदार त्याला विक्रीतला वाटा देतो. एक अपवाद आहे. मधल्या किसारियाची, म्हणजे कापडबाजाराची, दारं रात्री लागतात. तेव्हा कोणी ‘बंद’ म्हणालं तर ते खरं असू शकतं.

नकार द्यायचा तो एकदाच, हसून, न थांबता: ‘ला, शुक्रन.’ थांबून कारणं सांगत बसलात की बोलणं लांबतं आणि दहा मिनिटांनी तुम्ही नाइलाजाने त्याच्या मागे चालत असता. कोणी फारच पिच्छा पुरवला तर जवळच्या दुकानात शिरा. शहरात पोलिसांचा नंबर १९.

वाटाड्या हवाच असेल तर पर्यटन खात्याचा परवाना असलेला घ्या. त्याच्याकडे फोटोचं ओळखपत्र असतं, ते बघायला मागण्यात संकोच नको. ठरवताना दोन गोष्टी स्पष्ट करा: एकूण किती तास, आणि खरेदीच्या दुकानात जायचं नाही. दुसरी गोष्ट राहिली तर अर्धा दिवस गालिचे बघण्यात जातो.

चाकांची बॅग आणि खेचरं

जुन्या मदीनेत मोटारी येत नाहीत. सामान वाहतात ते हातगाडीवाले, खेचरं आणि गाढवं. दरवाजाशी उतरून चाकांची मोठी बॅग दगडी पायऱ्यांवरून ओढत नेणं हा पहिल्या तासातला सगळ्यात नेहमीचा त्रास. रियादला आदल्या दिवशी कळवा, कोणत्या दरवाजाशी माणूस येईल आणि हातगाडीचे किती दिरहम पडतील ते विचारून घ्या. नंबर फोनमध्ये साठवा आणि कागदावरही लिहा.

‘बालाक!’ अशी हाळी ऐकू आली की मागून खेचर येतंय. मागे वळून बघण्यात वेळ घालवू नका, भिंतीला चिकटा किंवा दुकानाच्या पायरीवर चढा. खेचराच्या दोन्ही बाजूंना लटकलेलं ओझं त्याच्या अंगाहून बरंच रुंद असतं, कधी ओली कातडी, कधी गॅसच्या टाक्या. उतारावर त्याला पटकन थांबता येत नाही. खांद्यावरची पर्स किंवा कॅमेऱ्याचा पट्टा त्या ओझ्यात अडकतो, म्हणून बॅग पोटाशी धरा. दगड पिढ्यान्‌पिढ्या घासून गुळगुळीत झालेत, पावसात फारच निसरडे होतात. रबरी तळव्याचे बूट घाला, नवी गुळगुळीत चप्पल नको.

वेळ चुकवणं

सकाळी आठला निघालात तर बहुतेक दुकानं बंद दिसतील, ती दहाच्या सुमारास उघडतात. म्हणून सकाळचा वेळ वास्तू बघायला ठेवा. शुक्रवारी दुपारच्या नमाजापासून बाजार मोठ्या प्रमाणात बंद असतो आणि चर्मालयातही काम कमी. फक्त एक दिवस हातात असेल तर तो शुक्रवार नसावा. रमजानमध्ये दिवसा खाण्याच्या जागा कमी मिळतात, आणि देशाचं घड्याळही एक तास मागे घेतात. गाडी आणि विमानाची वेळ तपासा.

कुठे आत जाता येतं, कुठे नाही

मोरोक्कोत मुस्लिमेतरांना मशिदींत प्रवेश नाही, कासाब्लांकाची हसन दुसरा मशीद हा प्रसिद्ध अपवाद. त्यामुळे ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरीने सुरू केलेली करवीयीन मशीद दारातूनच बघावी लागते. दार उघडं असेल तर अंगण दिसतं. उंबरठ्याच्या बाहेर राहा आणि नमाज चालू असताना कॅमेरा आत रोखू नका. मौलाय इद्रीसच्या झावियाकडे जाणाऱ्या गल्ल्यांत आडव्या लाकडी तुळया दिसतील. पूर्वी तिथून पुढे जनावरांना आणि मुस्लिमेतरांना मज्जाव होता. आज वाकून पलीकडे जाता येतं, पण झावियाच्या आत नाही.

याची भरपाई मदरशांत होते. १४व्या शतकातले बू इनानिया आणि अत्तारीन हे दोन्ही मदरसे सगळ्यांना खुले आहेत, तिकीट किरकोळ. तळाला मोझेक फरशीचे तुकडे, त्यावर गचकारीतली कोरीव नक्षी, वर देवदाराचं लाकूड. खालून वर नजर सावकाश नेली की हे तीन थर वेगळे कळतात. लोक पाच मिनिटांत फोटो काढून निघतात, हे फार वाईट वाटतं. अर्धा तास तरी बसा.

खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे स्त्री-पुरुष दोघांनीही घालावेत. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय नकोत. ड्रोन घरीच ठेवा, परवानगीशिवाय तो विमानतळावरच जप्त होतो.

सफ्फारीन चौकात मात्र काही विचारायला लागत नाही, एका कडेला उभं राहून ऐकायचं. तांब्याच्या मोठ्या हंड्यांवर हातोड्या पडत असतात, आणि दोन कारागीर समोरासमोर बसले की एकाचा ठोका दुसऱ्याच्या मधे बसतो. हा आवाज दोन-तीन गल्ल्या अलीकडूनच ऐकू येतो, म्हणून वाट शोधायलाही तो उपयोगी. तसाच सुतारांच्या नज्जारीन चौकाकडे देवदाराच्या भुश्श्याचा वास येतो.

शुआरा चर्मालय

चर्मालय वरून बघायचं असतं आणि वरच्या गच्च्या चामड्याच्या दुकानांच्या आहेत. गल्लीत कोणी ‘तिकीट’ मागितलं तर देऊ नका. दुकानदार वासावर उतारा म्हणून पुदिन्याची काडी हातात देतो आणि वर नेतो. खरेदीची सक्ती नाही, घ्यायचं नसेल तर उतरताना १०-२० दिरहम दिले की कोणाचं मन दुखावत नाही. सकाळी जा, तेव्हा हौद भरलेले आणि माणसं कामावर असतात.

पांढऱ्या हौदांत चुनकळी, कबुतरांची विष्ठा, गोमूत्र, मीठ आणि पाणी असतं. चुन्याने केस सुटतात, विष्ठेतल्या अमोनियाने कातडं मऊ होतं. त्यानंतर रंगाचे हौद. वास याचाच आहे आणि उन्हाळ्यात तो वाढतो. उलटीचा त्रास असलेल्यांनी रिकाम्या पोटी जाऊ नये.

चामडं घेताना पांढरा रुमाल ओला करून आतल्या बाजूला घासा. रंग उतरला तर पहिल्याच घामात सदऱ्यावर डाग पडेल. शिवण दोन्ही बाजूंनी बघा, झिप चारदा उघडा. वास नाकाशी नेऊन घ्या, कारण कच्च्या कमावलेल्या चामड्याचा वास दमट हवेत पुन्हा उठतो.

घासाघीस आणि सुट्टे पैसे

आधी दोन-तीन दुकानांत नुसता भाव ऐका, मगच घ्यायच्या दुकानात बोला. सांगितलेल्या किमतीला हात लावण्याआधी आपला आकडा मनाशी ठरवा. चहा प्यायलात म्हणून खरेदी करावी लागत नाही. पण तुम्ही सांगितलेला आकडा त्याने मान्य केला की घेणं भाग, तिथे मागे फिरणं उद्धटपणा ठरतो. भाकरी, बाटलीतलं पाणी, मीटरची टॅक्सी इथे घासाघीस नसते.

दिरहम भारतात सहज मिळत नाहीत, तिथे गेल्यावरच बदलावे किंवा एटीएममधून काढावे लागतात. भारतीय कार्डांवर परदेशी वापर बऱ्याचदा बंद असतो, तो बँकेच्या अ‍ॅपमधून निघण्याआधी चालू करा. एटीएम २०० च्या नोटा देतं आणि त्या गल्लीत कोणी मोडून देत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी मोठ्या दुकानात किंवा हॉटेलात नोटा मोडून २० च्या नोटा आणि नाणी वेगळ्या खिशात ठेवा. पैसे बदलल्याची पावती जपा, उरलेले दिरहम परत बदलताना ती मागतात.

लाल टॅक्सीत जास्तीत जास्त तिघं बसतात. चौघांच्या कुटुंबाला दोन टॅक्स्या लागतील, हे ड्रायव्हरशी वाद घालून बदलत नाही. बसताच ‘कॉंत्यर’ म्हणजे मीटर लावायला सांगा. रात्री आठनंतर भाडं दीडपट असतं, ते फसवणूक समजू नका.

शाकाहारी मंडळींच्या चुका

भाज्यांचा कुसकुस (रव्याच्या बारीक गोळ्या वाफवून केलेला) आणि भाज्यांचं ताजीन (त्याच नावाच्या मातीच्या भांड्यात शिजवलेला रस्सा) बघून निर्धास्त होऊ नका, भाज्या बऱ्याचदा मांसाच्या रश्श्यात शिजवलेल्या असतात. हरीरा सूपमध्येही मांसाचे तुकडे असू शकतात. सगळ्यात फसवी पास्तिया: वर पिठीसाखर आणि दालचिनी भुरभुरवलेली, दिसायला गोड पदार्थ, आत कबुतराचं किंवा कोंबडीचं मांस. ‘ब्ला ल्हम’ म्हणजे मांसाशिवाय. एवढ्याने भागत नाही, रस्साही मांसाचा नको हे वेगळं सांगा.

बिनधास्त खाण्यासारखं बरंच आहे. बेसारा म्हणजे वाळलेल्या बाकला शेंगांच्या दाण्यांचं दाट सूप, वर ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड. ते सकाळी छोट्या टपऱ्यांवर मिळतं. वांग्याचं झालूक, सिमला मिरची-टोमॅटोचं तक्तूका, घड्या घातलेली मसेमेन पोळी, धिरड्यासारखं जाळीदार बगरीर. तला कबीराच्या सुरुवातीला खाटकांची दुकानं आहेत आणि तिथे उंटाचं मुंडकं टांगलेलं असतं. लहान मुलांना ते सोसणार नसेल तर तला सगीराने खाली जा.

घरी आल्यावर बिघडणाऱ्या वस्तू

मातीचं ताजीन थेट गॅसच्या ज्योतीवर ठेवलं की तडकतं, कारण कोळशाच्या मंद, पसरलेल्या आचेसाठी ते बनलेलं असतं. वापरण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, आतून तेल लावा, गॅसवर खाली लोखंडी जाड तवा ठेवा आणि आच मंदच ठेवा. गरम भांड्यात गार पाणी ओतू नका. रंगीत झिलईची बशी फक्त शोभेला घ्या. अशा झिलईत शिसं असू शकतं, त्यात लोणचं किंवा चिंचेचं काही ठेवणं धोक्याचं.

चामड्याच्या बॅगेला मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बुरशी येते. जूनआधी ती दोन दिवस सावलीत वाऱ्यावर टांगा, आत कागदाचे बोळे भरा आणि प्लॅस्टिकमध्ये न बांधता सुती पिशवीत ठेवा. पांढरा थर दिसलाच तर कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसा आणि सावलीत वाळू द्या. उन्हात ठेवली तर चामडं कडक होऊन शिवणीपाशी फाटतं.