मोठ्या जनित्राची विद्युत तपासणी आणि दुरुस्ती : एकलहऱ्याच्या संचांच्या संदर्भात

नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक विद्युत केंद्रातील ३, ४ आणि ५ क्रमांकाचे संच प्रत्येकी २१० मेगावॉटचे असून ते १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. या वर्गातील जनित्र साधारणपणे २४७ एमव्हीए (मेगाव्होल्ट-अँपिअर) क्षमतेचे, १५.७५ किलोव्होल्ट व्होल्टेजचे आणि मिनिटाला ३,००० फेरे घेणारे असते. त्याच्या रोटरला (फिरणाऱ्या भागाला) आणि स्टेटरच्या (स्थिर भागाच्या) कोअरला, म्हणजे पत्र्यांच्या गाभ्याला, हायड्रोजन वायू थंड ठेवतो, तर स्टेटरच्या वाइंडिंगमधील (गुंडाळीतील) पोकळ तांब्याच्या तारांतून खनिजमुक्त पाणी फिरते. आयटीआय किंवा पदविका पूर्ण करून ओव्हरहॉलच्या (यंत्र उघडून केलेल्या संपूर्ण तपासणी-दुरुस्तीच्या) कामावर प्रथमच येणाऱ्या तरुणांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. प्रत्यक्ष काम करताना निर्मात्याची पुस्तिका आणि केंद्राची परमिट पद्धत (कामाच्या लेखी परवानगीची पद्धत) हीच अंतिम मानावी.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की समजून घ्यावी, कारण पुढचे सर्व काम तिच्यावर उभे आहे. चाचणीचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो कोणत्या तापमानाला घेतला, त्या दिवशी हवेत ओलावा किती होता, वाइंडिंगमध्ये पाणी होते की नव्हते आणि याच यंत्राचा मागच्या ओव्हरहॉलमधील आकडा काय होता, हे सर्व शेजारी मांडल्यावरच त्याला अर्थ येतो. म्हणून मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे उपकरण) हातात घेण्याआधी त्या संचाची जुनी नोंदवही मागून घ्यावी आणि ती वाचावी.

काम सुरू करण्यापूर्वी

हायड्रोजन हवेत सुमारे ४ ते ७५ टक्के मिसळला की ते मिश्रण स्फोटक होते. त्यामुळे जनित्र उघडताना हायड्रोजन थेट हवेने कधीही बाहेर काढत नाहीत. आधी कार्बन डायऑक्साइडने तो हटवतात आणि मग हवा भरतात. हायड्रोजनच्या पुरवठ्याची नुसती झडप बंद करणे पुरेसे नाही. नळीचा मधला तुकडा काढून दोन्ही तोंडांना आंधळ्या चकत्या बसवलेल्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि वायूची तपासणी झाल्याशिवाय आत उतरू नये.

विद्युत बाजूने फील्ड ब्रेकर (फील्डचा, म्हणजे रोटरच्या वाइंडिंगचा प्रवाह तोडणारा स्विच) उघडून त्याला कुलूप लावावे, बसडक्टच्या (जनित्राची वीज बाहेर नेणाऱ्या बंदिस्त वाहिनीच्या) लवचीक जोडण्या काढाव्यात, पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मर बाहेर ओढावेत, सर्ज कपॅसिटर आणि लाइटनिंग अरेस्टर (व्होल्टेजच्या उसळीपासून वाचवणारी उपकरणे) वेगळे करावेत आणि न्यूट्रलची अर्थिंग ट्रान्सफॉर्मरकडे जाणारी जोडणी सोडवावी. यांतील एखादी जोडणी राहून गेली तर तिची गळती वाइंडिंगच्या नावावर लिहिली जाते आणि निरोगी यंत्रात दोष शोधत दिवस जातात. मापन होणाऱ्या फेजखेरीज उरलेल्या दोन फेज अर्थ कराव्यात आणि तापमान मोजणारे सर्व डिटेक्टर टर्मिनलवर एकत्र शॉर्ट करून अर्थ करावेत.

ओलावा आणि मेगर

औष्णिक केंद्रांतील मोठी ओव्हरहॉल अनेकदा पावसाळ्यात ठरते, कारण तेव्हा विजेची मागणी उतरलेली असते आणि जलविद्युत उपलब्ध असते. म्हणजे नाशिकमध्ये हवा सर्वांत ओली असते, नेमक्या त्याच जुलै-ऑगस्टमध्ये जनित्राचे पोट उघडे पडते. वाइंडिंगचे तापमान हवेच्या दवबिंदूपेक्षा खाली असेल तर त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा अदृश्य थर बसतो आणि इन्सुलेशन उत्तम असूनही रोध कोसळलेला दिसतो. यासाठी उघड्या जनित्रावर ताडपत्रीचा तंबू करून आत हीटर किंवा कोरड्या हवेची व्यवस्था ठेवावी आणि प्रत्येक मापनाच्या वेळी वाइंडिंगचे तापमान, हवेचे तापमान आणि आर्द्रता ही तिन्ही लिहावीत.

पाण्याने थंड होणाऱ्या स्टेटरमध्ये आणखी एक अडचण असते. टेफ्लॉनच्या नळ्यांमधील पाणी स्वतः वीज वाहून नेते, त्यामुळे साध्या मेगरने घेतलेले मापन पाण्याचे असते, इन्सुलेशनचे नसते. पाणी काढून, कोरड्या हवेने फुंकून आणि निर्वात पंपाने ओढून वाइंडिंग आतून पूर्ण सुकवणे हा माझ्या मते सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, जरी त्याला वेळ लागतो. याच निर्वात अवस्थेत गळतीची तपासणीही करून घ्यावी : पंप बंद केल्यावर निर्वात किती वेगाने उतरतो ते पाहावे आणि नंतर कोरड्या हवेचा दाब भरून तो किती टिकतो ते तपासावे. केसाएवढी भेग असलेला ब्रेझिंगचा (वितळलेल्या धातूने सांधलेला) जोड येथेच सापडतो. चालू संचात तोच जोड वर्षानुवर्षे इन्सुलेशन भिजवत राहतो.

१२ किलोव्होल्टपेक्षा जास्त व्होल्टेजच्या वाइंडिंगसाठी मेगर ५,००० ते १०,००० व्होल्टचा वापरतात. एका मिनिटाचा आणि दहा मिनिटांचा रोध लिहावा. दहाव्या मिनिटाच्या आकड्याला पहिल्या मिनिटाच्या आकड्याने भागले की पोलरायझेशन इंडेक्स मिळतो. आधुनिक वाइंडिंगसाठी ४० अंश सेल्सियसला १०० मेगोहम हा किमान रोध आणि २ हा किमान इंडेक्स मानला जातो. एका मिनिटाचा रोधच ५,००० मेगोहमच्या वर असेल तर इंडेक्सवर फारसे विसंबू नये, कारण तेव्हा गळतीचा प्रवाह इतका सूक्ष्म असतो की भागाकार भरवशाचा राहत नाही.

तापमानाची दुरुस्ती कधीही वगळू नये. तापमान दर १० अंशांनी वाढले की रोध निम्मा होतो, असा ढोबळ नियम आहे. नाशिकच्या हिवाळ्यात सकाळी वाइंडिंग २० अंशांवर असताना ४०० मेगोहम आले, तर ४० अंशांच्या हिशेबाने ते केवळ १०० मेगोहम, म्हणजे अगदी काठावरचे ठरते. तोच ४०० चा आकडा मे महिन्याच्या दुपारी ४० अंशांवर आला असता तर निश्चिंत राहता आले असते.

मापन संपल्यावर वाइंडिंग चार्ज झालेले असते. जितका वेळ व्होल्टेज दिले त्याच्या किमान चौपट वेळ, म्हणजे दहा मिनिटांच्या चाचणीनंतर निदान चाळीस मिनिटे, ते अर्थ करून ठेवावे. या नियमात घाईला जागा नाही. अर्थ लवकर काढल्यास व्होल्टेज पुन्हा वर येते आणि ते जीवघेणे असू शकते.

रोध कमी आला तर वाइंडिंग सुकवावे आणि सुकवताना ठरावीक अंतराने मापन चालू ठेवावे. सुरुवातीला रोध आणखी खाली जातो, काही काळ तेथेच रेंगाळतो आणि मग चढू लागतो. पहिली घसरण पाहून घाबरू नये आणि चढण सुरू होताच थांबूही नये. आकडा स्थिर झाल्यावरच सुकवणे पूर्ण झाले असे समजावे. रोध चढतच नसेल तर मात्र कारण ओलावा नाही, तर तेल, कोळशाची भुकटी किंवा प्रत्यक्ष इजा आहे.

पुढची पायरी केव्हा

कमी व्होल्टेजची चाचणी उत्तीर्ण झाल्याखेरीज जास्त व्होल्टेजची चाचणी लावू नये. मेगरनंतर डीसी प्रवाहाने तिन्ही फेजचा वाइंडिंग रोध मायक्रो-ओहममीटरने मोजावा आणि तांब्यासाठी (२३४.५ + ७५) भागिले (२३४.५ + प्रत्यक्ष तापमान) या गुणकाने तो ७५ अंशांवर आणून तुलना करावी. एखाद्या फेजमध्ये एक-दोन टक्क्यांहून अधिक तफावत दिसली तर तिचा जोड सैल झाला आहे किंवा ब्रेझिंग तुटत आहे, असे गृहीत धरून शोध घ्यावा.

टॅन डेल्टा (इन्सुलेशनमध्ये वाया जाणाऱ्या विजेचे माप) टप्प्याटप्प्याने व्होल्टेज वाढवत घ्यावा. येथे मूळ मूल्यापेक्षा व्होल्टेजबरोबर ते किती चढते हे महत्त्वाचे असते, कारण ती चढण इन्सुलेशनच्या थरांमधील पोकळ्यांची खूण असते. एसी उच्च व्होल्टेज चाचणी जुन्या वाइंडिंगवर साधारणपणे रेटेड व्होल्टेजच्या १.२५ ते १.५ पटीने, म्हणजे १५.७५ किलोव्होल्टसाठी फार तर २३.६ किलोव्होल्टपर्यंत करतात. डीसी चाचणीसाठी हाच आकडा १.७ ने गुणतात. नव्या वाइंडिंगचा दुप्पट अधिक एक किलोव्होल्ट, म्हणजे ३२.५ किलोव्होल्टचा निकष चाळीस वर्षे चाललेल्या यंत्रावर लावू नये. हातात बदली बार (स्टेटर वाइंडिंगचे सुटे दांडे) तयार नसताना ही चाचणी करावी की नाही, हा निर्णय केंद्राच्या वरिष्ठांनी विचारपूर्वक घ्यायचा असतो.

डोळ्यांनी दिसणारे दोष आणि त्यांची दुरुस्ती

स्टेटरच्या टोकांकडील वाइंडिंगवर पांढरी भुकटी दिसली तर तेथे आंशिक विद्युत विसर्जन चालू आहे. भुकटी तेलात मिसळून काळपट वंगणासारखी झालेली असेल तर बार किंवा बांधणी हलत आहे, घासत आहे. दोन्ही खुणा पुसण्याआधी त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि खाच क्रमांक (बार ज्या खाचेत बसतो तिचा) लिहावा. खाचेतील वेज (बार दाबून धरणाऱ्या पाचरी) लहान हातोडीने ठोकून तपासतात. घट्ट वेजचा आवाज टणक येतो, सैल वेजचा बद्द येतो आणि बोटाला कंप जाणवतो. सैल वेज काढून नव्या पॅकिंगसह पुन्हा ठोकाव्यात. टोकांकडील बांधणीची नैसर्गिक कंपनसंख्या १०० हर्ट्झच्या जवळ आलेली असेल तर नव्या दोऱ्या आणि रेझिन वापरून ती दूर न्यावी, कारण ५० हर्ट्झच्या यंत्रात विद्युतचुंबकीय बल त्याच गतीने हिसके देते.

बारच्या इन्सुलेशनला टोकाकडे वरवर इजा असेल तर इजेच्या दोन्ही बाजूंना उतार देत जुना थर तासावा, अभ्रकाची टेप अर्ध्या रुंदीवर चढवत गुंडाळावी, प्रत्येक थराला इपॉक्सी लावावी आणि निर्मात्याने दिलेल्या तापमानाला ती पक्की होऊ द्यावी. खाचेच्या आतील इजेला मात्र असे ठिगळ चालत नाही. बार बदलावाच लागतो. खालचा बार बदलायचा असेल तर एका कॉइलच्या पिचमधील (तिच्या दोन बाजूंमधल्या अंतरातील) वरचे सर्व बार आधी उचलावे लागतात आणि उचलताना त्यांतील काही दुखावण्याची शक्यता असते, म्हणून सुटे बार पुरेसे असल्याची खात्री आधीच करावी. खालचे बार बसल्यावर, वरचे बसल्यावर, जोड झाल्यावर आणि शेवटी अशी टप्प्याटप्प्याने उच्च व्होल्टेज चाचणी घ्यावी आणि दर टप्प्याला व्होल्टेज थोडे उतरवावे. चांदीच्या ब्रेझिंगनंतर प्रत्येक बारमधून पाण्याचा प्रवाह मोजावा. वितळलेल्या धातूने एखादी पोकळ तार बुजली असेल तर ती येथेच लक्षात येते.

कोअरच्या पत्र्यांमधील इन्सुलेशन तपासण्यासाठी एल्सिड चाचणीत रेटेड फ्लक्सच्या (चुंबकीय प्रवाहाच्या) फक्त ४ टक्के फ्लक्स देतात आणि १०० मिलिअँपिअरच्या वरच्या जागा संशयित मानतात. संशय पक्का करण्यासाठी कोअरभोवती केबल गुंडाळून जवळजवळ पूर्ण फ्लक्स द्यावा आणि थर्मल कॅमेऱ्याने तापलेल्या जागा पाहाव्यात. चिकटलेले पत्रे हलक्या हाताने घासून सुटे करावेत, त्यांच्यामध्ये अभ्रकाची पातळ पट्टी सरकवावी, वार्निश लावावे आणि एल्सिड पुन्हा घ्यावी.

रोटर

रोटरच्या वाइंडिंगला ५०० व्होल्टचा मेगर पुरतो. किमान रोधाचा नियम असा : व्होल्टेजचा किलोव्होल्टमधील आकडा अधिक एक, इतके मेगोहम. सुमारे ३१० व्होल्टच्या फील्डसाठी तो १.३ मेगोहम होतो. रोध कमी येण्याचे नेहमीचे कारण स्लिप रिंगांवरील (रोटरला वीज पोहोचवणाऱ्या कड्यांवरील) कार्बनची भुकटी असते, त्यामुळे आधी रिंगा, ब्रश होल्डर आणि जोडणीच्या खाचा स्वच्छ करून मगच निष्कर्ष काढावा.

आंतरवेटोळ्यांतील शॉर्ट मेगरला दिसत नाही. त्यासाठी दोन्ही रिंगांमधून एकसारखे स्पंद पाठवून त्यांच्या परावर्तनांची तुलना करतात. निरोगी रोटरमध्ये दोन्ही आलेख एकमेकांवर बसतात. एसी इम्पिडन्स (एसी प्रवाहाला होणारा एकूण रोध) मात्र स्थिर अवस्थेत आणि वेग वाढवताना अशा दोन्ही वेळी घ्यावा, कारण काही शॉर्ट केंद्रोत्सारी बलाने तारा दाबल्या गेल्यावरच प्रकट होतात. विशिष्ट वेगाला इम्पिडन्स अचानक उतरला तर तो वेग लिहून ठेवावा. रोटर बाहेर असताना रिटेनिंग रिंगांचीही (टोकांकडील वाइंडिंग धरून ठेवणाऱ्या कड्यांचीही) अल्ट्रासॉनिक तपासणी करून घ्यावी. १८ टक्के मँगनीज आणि ५ टक्के क्रोमियमच्या जुन्या मिश्रधातूला ओलाव्यात ताणजन्य भेगा पडतात, म्हणून पावसाळ्यात असा रोटर उघड्यावर ठेवणे मुळीच योग्य नाही.

बसवताना एक्सायटरच्या (रोटरला प्रवाह पुरवणाऱ्या यंत्राच्या) बाजूच्या बेअरिंगचे इन्सुलेशन, तेलाच्या नळ्यांच्या जोडांसह, मेगरने तपासावे. तापमान मोजणारे डिटेक्टर प्लॅटिनमचे असतील तर ते ० अंशाला १०० ओहम आणि १०० अंशांना १३८.५ ओहम दाखवतात. जुन्या संचांत ५३ ओहमचे तांब्याचेही आढळतात, ते चुकीच्या तक्त्याने वाचू नयेत. करंट ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम जोडण्या उघड्या राहिलेल्या नाहीत हे एकेक टर्मिनल पाहून नक्की करावे.

संच पूर्ण वेगाला आल्यावर आधी शॉर्ट सर्किट आणि मग ओपन सर्किट वैशिष्ट्यरेषा (फील्ड प्रवाहानुसार अनुक्रमे स्टेटरचा प्रवाह आणि व्होल्टेज दाखवणारी रेषा) घ्यावी आणि त्या मूळ कार्यान्वयनाच्या रेषांवर ठेवून पाहाव्यात. त्याच स्टेटर व्होल्टेजसाठी फील्ड प्रवाह पूर्वीपेक्षा जास्त लागत असेल तर रोटरच्या इम्पिडन्सच्या नोंदी पुन्हा काढाव्यात आणि दोन्हींचा मेळ लागेपर्यंत संच ग्रिडला जोडू नये. शाफ्टचे व्होल्टेज, शाफ्टच्या अर्थिंग ब्रशची स्थिती आणि भार चढवताना प्रत्येक खाचेचे तापमान त्याच नोंदवहीत त्या दिवशीच्या आर्द्रतेसह उतरवावे.